टाईलच्या मागची भिंत



मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या न्हाणीघराच्या भिंतीला पाणी लागतं, ते नेमकं कोण अडवतं? दहाजणींना विचारलं तर नऊजणी म्हणतील, "टाईल अडवते की!" टाईल चकचकीत असते, पुसली की कोरडी होते, म्हणून आपल्याला तसं वाटतं. पण दोन टाईलांच्या मध्ये सांधा असतो, आणि त्या सांध्यातल्या सिमेंटला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. दिव्याची वात तेल वर ओढते, तसा तो सांधा पाणी आत ओढतो. पाणी खरोखर अडतं ते टाईलच्या मागे. तिथे अडवणारं काही असेल तर अडतं, नसेल तर पलीकडच्या खोलीत निघतं. भिंतीला फुगे येतात, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा लागतो, आणि तिथेच धान्याची कोठी ठेवलेली असते.

बचत गटात घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज येतात. त्यांत चार-पाच वर्षांपूर्वीच टाईल बसवलेली न्हाणी पुन्हा फोडायची, असे अर्ज दिसले की मन खट्टू होतं. कर्ज एकदा फिटलं, आता त्याच भिंतीसाठी दुसरं. म्हणून आज या टाईलच्या मागच्या भिंतीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट जुनी आहे आणि तिच्यात बायकांचा हात मोठा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात भिंतीत पाणी मुरण्याचा प्रश्न एका सोप्या युक्तीने सुटलेला होता. न्हाणी घराला चिकटून ठेवायचीच नाही. परड्यात एक मोठा सपाट दगड, शेजारी रांजण, तीन बाजूंनी तट्ट्या किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा. सांडपाणी पाटाने अळवाच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी जायचं. घरात असायची ती मोरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भांडी घासण्यापुरती आणि हातपाय धुण्यापुरती. मोठ्या वाड्यांत न्हाणीघर वेगळं असायचं, तिथे पाणी तापवायला चूल किंवा तांब्याचा बंब आणि खाली घडीव दगडाची फरशी. गरीब असो की श्रीमंत, पाणी आणि मातीची भिंत यांची गाठ पडू द्यायची नाही, हा नियम सगळीकडे होता.

घराच्या भिंतीला ही व्यवस्था मानवली, बाईच्या जिवाला नाही. आडोसा म्हणजे काही दार नव्हे. उजाडायच्या आत अंघोळ उरकायची, नाहीतर रात्री अंधार पडल्यावर. अंगावरच्या लुगड्यासकटच पाणी ओतून घ्यायचं. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणात तर हाल विचारू नका. थंडीत, पावसात, विंचवाकाट्यात बाहेर जायचं ते बाईनेच. पुरुष विहिरीवर, ओढ्यावर, नदीवर उघड्याने अंघोळ करून मोकळा व्हायचा. म्हणून न्हाणी घरात आली, तिला दार आणि कडी आली, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट झाली. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण न्हाणी आत आली तेव्हा पाणीही भिंतीजवळ आलं, आणि त्याचा बंदोबस्त कोणी करायचा हे मात्र मागे राहिलं.

आता भिंतीची गोष्ट. आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात पाऊस सारखा पडत नाही. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे महिनोन्‌महिने झड लागते. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडे आभाळाकडे डोळे लावून बसायचं. त्याप्रमाणे घरंही वेगळी. पूर्वेकडे मातीची माळवदं, वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती पाऊस पडला की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पश्चिमेकडे उतरती छपरं, आणि पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतींना बाहेरून गवताची झापं बांधायची. पावसाचा मारा झापांनी सोसायचा, मागची भिंत कोरडी राहायची. विचार केलात तर टाईलच्या मागे आज जो थर देतात त्याची ही थोरली बहीणच. भिंतीने पाणी सोसायचं नाही, भिंतीपुढे दुसऱ्या कोणीतरी सोसायचं.

हे थर दरवर्षी नवे करावे लागत. माळवदावर माती टाकणं, भिंती लिंपणं, पोतेरं फिरवणं, सारवणं, यातलं बरंचसं काम कोणाच्या हातचं होतं? बाईच्या. भिंतीला कुठे भेग गेली, कुठे ओल धरली हे तिला आधी कळायचं, कारण तिचा तळवा त्या भिंतीवरून फिरायचा. दुरुस्तीला पैसा लागत नव्हता आणि गवंड्याची वाटही बघावी लागत नव्हती. माती, शेण, भुसा आणि स्वतःचे हात. या कष्टाला कोणी मजुरी दिली नाही की नाव दिलं नाही, पण घराच्या भिंतीची खबर बाईकडे होती. एवढं ध्यानात ठेवा, पुढे याच्याशी काम आहे.

जिथे पाणी टाळताच येत नव्हतं तिथे दगड आणि चुना आला. साताऱ्याजवळ लिंब गावच्या शेरीत बारा मोटेची विहीर आहे, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिली असेल. छत्रपती शाहूंच्या काळात, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधली गेली. तिथल्या शिलालेखात वीरूबाई भोसले यांचं नाव आहे. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, अष्टकोनी, आणि आत चक्क महाल. पाण्याच्या इतक्या मोठ्या बांधकामावर एका बाईचं नाव तीनशे वर्षं कोरलेलं आहे. पाण्यात उभा राहून दगड टिकतो तो घडाई नीट असेल आणि सांधे नीट बसलेले असतील तर.

सांधा भरायला आणि गिलाव्याला त्या काळी चुना वापरत. चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे, मग वाळू मिसळून घाणीत मळायचे. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत दगडी गोल पाट, त्यात फिरणारं दगडाचं जड चाक आणि ते ओढणारे बैल. आपल्या मुलखातल्या कितीतरी किल्ल्यांवर अशी चाकं अजून पडलेली दिसतात. साधा चुना हवेवर सुकतो, पण पाण्याखाली त्याचा भरवसा नसतो. म्हणून त्यात सुर्खी घालत. सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. चुना आणि भाजलेली माती एकत्र आली की ते मिश्रण ओलाव्यातही घट्ट होतं. दख्खनच्या काळ्या जमिनीत जे कंकर सापडतात त्यांत मुळातच थोडी माती मिसळलेली असते, त्यामुळे त्यांचा चुनाही पाण्यात धरतो. काही ठिकाणी गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. कराडजवळ कृष्णेवर खोडशीचा दगडी बंधारा १८६० च्या दशकात झाला, तो या चुन्याच्या जमान्यातला. भट्टीवर, घाणीवर, सुर्खी कुटायला, पाट्या वाहायला बाया असायच्याच. बांधकामावर बाई आजही आहे, पण तिला बिगारी म्हणतात. थापी तिच्या हातात क्वचितच येते.

चुन्याचा एक गुण आपण विसरलो. तो श्वास घेतो. भिंतीत ओल शिरली तरी चुन्यातून, मातीतून ती हळूहळू बाहेर पडते. भिंत ओली होते आणि वाळते. सिमेंटचं तसं नाही.

सिमेंट आलं विलायतेतून. इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या देशात गुजरातेत पोरबंदरला १९१४ साली सिमेंट बनायला लागलं. पण गावखेड्यातल्या घरापर्यंत ते पोचायला अजून पुष्कळ वर्षं लागायची होती. आपल्या भागात सिमेंटचं मोठं काम दिसलं ते पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचं. या धरणावरून एक शहाणपण घेण्यासारखं आहे. एवढी जाड भिंत, तरी बांधणाऱ्यांनी असं धरलं नाही की तिच्यातून थेंबही झिरपणार नाही. धरणाच्या पोटात बोगद्यासारखी वाट ठेवलेली असते, झिरपलेलं पाणी तिथे गोळा होतं आणि बाहेर काढलं जातं. पाणी आत येणारच असं धरून चालायचं आणि त्याला जायला वाट द्यायची, हे धरणाला लागू आहे आणि आपल्या न्हाणीलाही.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट उजाडली. कोयनेच्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो घरं पडली. दगड आणि मातीत रचलेल्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मातीच्या भिंतीवरचा लोकांचा विश्वास त्या पहाटे हलला. सिमेंटचं घर हवं असं वाटू लागलं, पण सिमेंट मिळत कुठे होतं? तेव्हा सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं, परमिट लागायचं. सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना १९८२ साली राजीनामा द्यावा लागला, इतकं ते दुर्मिळ आणि मोलाचं होतं. त्याच वर्षी नियंत्रण अर्धंमुर्धं उठलं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. त्यानंतर सिमेंटची पोती दुकानात दिसू लागली. बऱ्याच गावांत पक्कं घर ही गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली गोष्ट आहे ती यामुळे.

याच काळात स्वच्छतेची चळवळ आली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं हातात खराटा घेऊन उभी राहिली. २०१४ साली स्वच्छ भारत मिशन आलं, शौचालयाला १२,००० रुपये मिळू लागले. या साऱ्यात भर होता तो शौचालयावर. न्हाणी बहुतेक घरांत घरच्या पैशातून, जमेल तशी झाली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून जास्त ग्रामीण कुटुंबांकडे अंघोळीला बंदिस्त जागाच नव्हती. म्हणजे आपण बोलतोय ते फार जुनं नाही. अनेक घरांत न्हाणीघर ही पहिल्याच पिढीची वस्तू आहे. ते कसं बांधायचं याचं शहाणपण सासूकडून सुनेकडे यायला वेळच मिळाला नाही.

तेवढ्यात टाईल आली. आधी शहाबादी फरशी, मग पांढऱ्या चिनी मातीच्या टाईल, मग गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या रंगीत, नक्षीच्या, स्वस्त टाईल. भिंत पुसली की स्वच्छ, शेवाळ नाही, सारवण नाही. बाईचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण त्याच वेळी भिंतीची खबर तिच्या हातातून गेली. तळवा आता टाईलवरून फिरतो आणि टाईल नेहमीच कोरडी वाटते. आत काय चाललंय ते पोपडा निघेपर्यंत कळत नाही, आणि कळलं तरी दुरुस्ती तिच्या हातची नसते. त्याला गवंडी लागतो, पैसा लागतो, घरातल्या पुरुषाचा होकार लागतो.

सगळ्यात वाईट गत झाली ती जुन्या घरांची. मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर टाईल. सिमेंट मातीला धरून राहत नाही, काही वर्षांत गिलावा भिंतीपासून सुटतो. सांध्यांतून गेलेलं पाणी मातीत मुरतं आणि सिमेंटमुळे त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. आतली माती ओली होऊन बसत जाते. वरून टाईल छान दिसते, मागे भिंत पोकळ झालेली असते. हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, भिंत अंगावर येण्याचा प्रश्न आहे.

हीच चूक दूरदेशीही झाली. अमेरिकेत घरं लाकडी सांगाड्याची. पूर्वी तिथले गवंडी न्हाणीच्या भिंतीला तारेची जाळी ठोकून, तिच्यावर सिमेंटचा जाड थर देऊन मग टाईल लावत. तो थर टिकाऊ, पण कामाला वेळ आणि पैसा फार. १८९४ साली ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने कागद आणि जिप्समच्या थरांच्या फळीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे छताला पीओपी करतात त्याच जातीचं हे सामान. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं भराभर बांधायची होती, तेव्हा न्हाणीतही ही फळी ठोकून तिच्यावरच टाईल चिकटवू लागले. टाईल तीच, चकाकी तीच. पण सांध्यातून पाणी गेलं की जिप्सम भिजून लगदा व्हायचा, कागदाला बुरशी धरायची, मागचं लाकूड कुजायचं. मग त्यांनी सिमेंटची फळी वापरायला सुरुवात केली. पाण्यात भिजली तरी ही फळी फुगत नाही, कुजत नाही. टाईलच्या मागे आधाराला लावायची म्हणून तिला बॅकर बोर्ड म्हणतात. आपल्या दुकानांत ती सिमेंट बोर्ड किंवा फायबर सिमेंट बोर्ड या नावाने मिळते.

इथे एक सावधगिरी सांगते. सिमेंटमध्ये धागे मिसळून पातळ पत्रा करायची रीत ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास काढली. त्यात धागे होते ॲस्बेस्टॉसचे. आपल्या गोठ्यावरचे, पडवीवरचे सिमेंटचे पत्रे त्याच घराण्यातले. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली तर पुढे कित्येक वर्षांनी जीवघेणे आजार होतात. त्यामुळे १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ॲस्बेस्टॉसऐवजी लाकडाच्या लगद्याचे धागे घालून फळ्या करू लागले. तेव्हा बोर्ड घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, ॲस्बेस्टॉस नाही ना? आणि घरातला जुना सिमेंटचा पत्रा कापून न्हाणीच्या भिंतीला लावायचा विचार कोणी केला तर त्याला थांबवा. तो कापू नका, घासू नका, फोडू नका. त्याची धूळ झाडणारी बाईच असते.

आता आपल्या घरात काय करायचं ते सांगते.

तुमची भिंत वीट-सिमेंटची असेल तर बोर्डाची गरज नाही, भिंतच टाईलचं वजन पेलते. गरज आहे ती पाणी अडवणाऱ्या लेपाची. आधी नळाच्या पाइपांसाठी पाडलेल्या खाचा भरून घ्यायच्या, पण पाइपात पाणी सोडून गळती तपासल्यावरच. मग गिलावा. गिलावा मुरल्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप दोन हात द्यायचा, पहिला हात उभा आणि दुसरा आडवा. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, नळाच्या तोंडाशी आणि नहाणी ट्रॅपच्या भोवती पाणी सगळ्यात आधी शिरतं. तिथे लेपात जाळीची पट्टी दाबून बसवायची. अंगावर पाणी घेतो त्या भिंतीला लेप डोक्याच्या वर जाईल इतका, बाकीच्या भिंतींना निदान फूटभर. जमिनीला ट्रॅपकडे उतार हवाच. गंमत बघा, साऱ्या देशातले प्लंबर त्या जाळीच्या भांड्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणीचंच नाव आहे ते.

जुन्या वाड्यात माडीवर न्हाणी करायची असेल, पत्र्याच्या किंवा लाकडी सांगाड्याच्या खोलीत करायची असेल, किंवा भिंत मातीची असेल, तर बोर्ड उपयोगी पडतो. गंज न धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा. मातीच्या भिंतीपासून तो थोडा सुटा ठेवायचा आणि त्या फटीत वरून वारा जाईल असं बघायचं, म्हणजे मागची भिंत कोरडी राहते. माडीची जमीन नीट धरणार की नाही ते जाणत्या माणसाला आधी दाखवायचं, कारण बोर्ड, टाईल आणि पाणी यांचं वजन पुष्कळ होतं. बोर्ड सांगाड्याला गंज न धरणाऱ्या स्क्रूने बसवायचे, साधारण वीतभर अंतरावर एक. दोन बोर्डांत नाण्याच्या जाडीहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर फट. खाली जमिनीला बोर्ड टेकवायचा नाही, सुमारे ६ मिलिमीटर सुटा ठेवायचा, नाहीतर तो खालून पाणी ओढतो. फटींवर सिमेंटमध्ये टिकणारी जाळीची पट्टी लावून टाईलच्या चिकट मालानेच त्या भरायच्या. आणि आता मुख्य गोष्ट. बोर्ड पाण्याने खराब होत नाही, पण पाणी अडवतही नाही. पाणी त्याच्यातून आरपार जातं. म्हणून बोर्डावरही तोच लेप द्यावा लागतो. "बोर्ड वॉटरप्रूफ आहे, लेप कशाला?" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

दोन्ही प्रकारांत टाईल लावताना मागे माल सगळीकडे भरलेला हवा. चार कोपऱ्यांत चार गोळे टाकून टाईल दाबली की मागे पोकळी राहते आणि तिथे पाणी साचतं. टाईल वाळल्यावर बोटाच्या पेराने वाजवून बघा. मडकं घेताना आपण वाजवून घेतोच की. पोकळ आवाज आला तर ती टाईल काढून पुन्हा लावायला सांगा.

कृष्णा-वारणेच्या काठावरच्या मैत्रिणींना आणखी एक सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरला की भिंत वरून लवकर सुकते, आतून महिनोन्‌महिने ओली असते. अशा भिंतीवर घाईने लेप आणि टाईल लावली तर पाणी आतच कोंडून राहतं. भिंत आधी वाळू द्या. आणि ओल जमिनीतून वर चढत असेल तर बोर्ड आणि टाईल ती नुसती झाकतात, बरी करत नाहीत.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं गवंड्याचं काम, आम्हाला कोण विचारतंय? म्हणून शेवटी लातूरची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो घरं दुरुस्त करायची होती. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून कामाला लागल्या. सरकार आणि गाव यांच्यातला दुवा त्या झाल्या. मजबूत घर कसं असतं ते आधी शिकल्या, मग घरोघर जाऊन सांगू लागल्या आणि कामावर लक्ष ठेवू लागल्या. त्या इंजिनिअर नव्हत्या. शेतमजुरी करणाऱ्या, कमी शिकलेल्या बायकाच होत्या. पण त्यांना माहीत होतं की भिंत बंद झाल्यावर आतलं कोणाला दिसत नाही, जे विचारायचं ते आधी विचारलं पाहिजे.

आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. न्हाणीच्या कामात एक दिवस असा येतो की लेप देऊन झालेला असतो आणि टाईल अजून लागलेली नसते. तो दिवस आपला धरा. ट्रॅपच्या तोंडात बोळा घट्ट बसवा, उंबऱ्याशी ओल्या मातीचा छोटा बांध घाला आणि जमिनीवर दोन-तीन बोटं पाणी भरा. पाण्याच्या कडेला खडूने रेघ मारा. एक दिवस आणि एक रात्र तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बरंच खाली गेलं असेल, किंवा पलीकडच्या भिंतीला, खालच्या छताला ओल दिसली, तर काम तिथेच थांबवा. लेप दुरुस्त करायला शे-दोनशे रुपयांचा माल आणि अर्धा दिवस जाईल. टाईल लागल्यावर तेच काम हजारोंवर जातं. भिंतीला पाणी मारूनही बघा, कोपरे हाताने चाचपून बघा. लेपाचे, जाळीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे पाइप कुठून गेलाय हे शोधायलाही ते कामाला येतात. गवंडीदादांशी भांडायचं नाही. काम ठरवतानाच सांगायचं, "दादा, लेप झाला की एक दिवस पाणी भरून ठेवणार, मगच टाईल." चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. उलट त्याच्या कामाची किंमत ज्याला कळते त्याचं घर त्याला आवडतं.

आणि गटाच्या बैठकीत एक ठराव घेता येईल का ते बघा. न्हाणीघरासाठी कर्ज दिलं की शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावर द्यायचा. गटातल्या दोघीजणी जाऊन रेघ बघून येतील. यात अविश्वास नाही. कर्जाचा पैसा साऱ्याजणींच्या बचतीतला असतो, आणि भिंत फुटली तर हप्ता थकतो तोही साऱ्याजणींचा.

पूर्वी भिंतीवरून बाईचा तळवा फिरायचा, म्हणून भिंतीची खबर तिला असायची. आता ती खबर घ्यायला वर्षभर नाही, एकच दिवस मिळतो. तो दिवस सोडू नका. पुढच्या बैठकीला जिच्या घरी न्हाणीचं काम निघणार आहे तिला हे वाचून दाखवा, आणि खडूचा एक तुकडा तिच्या हातात द्या.

नमस्कार.